काकांचा सहावा हिस्सा

४ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इतक्या दिवसांनी आलं, आणि त्यातलं निम्मं पत्र उशीर का झाला हे सांगण्यातच गेलं. पुढच्या वेळी ती जागा वाचव आणि कामाचं काहीतरी लिही.

इकडचं म्हणशील तर खालच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टर जिन्यात भेटला की माझ्या तोंडाकडे बघून हळहळतो. दात आणि सिद्धांत, दोन्ही एकाच गतीने कमी होतायत, असं तुझी काकू त्याला माझ्यादेखत सांगते. तोही हसतो. मी कुणाला हसवायला निवृत्त झालो नव्हतो, पण आता काय बोलणार.

खरी बातमी अशी की मला बोलावणं आलंय. मार्चमधल्या परिषदेत अर्धा तास बोला म्हणतात, विषय ‘क्ष-किरणांची पार्श्वभूमी : काय उरलं आहे’. जुन्या अग्निबाणवाल्यांपैकी आधाराशिवाय व्यासपीठ चढू शकेल असा मीच राहिलो असेन, म्हणून बोलावलं. कारण काही का असेना, मी होकार कळवून टाकला.

सुरुवात अशी करावी म्हणतो, वाचून सांग कशी वाटते. क्ष-किरणांच्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहिलं तर काळोख कुठेच नाही. जिथे तारा नाही, काही नाही, तिथेही एक मंद झळाळी आहे, सगळीकडे सारखी. आमचे अग्निबाण मोजकी मिनिटं वर राहायचे आणि खाली पडायचे, तेवढ्यात आम्ही ती पाहिली. मी म्हटलं, हा सगळ्या विश्वात भरलेला विरळ, तापलेला वायू. बाकीचे म्हणाले, वायू नाही न् काही नाही, हे दूरदूरचे असंख्य ठिपके आहेत, आपली नजर अधू म्हणून धुकं दिसतंय. पुढे दुर्बिणींची नजर सुधारत गेली आणि माझ्या धुक्यातून एकेक ठिपका बाहेर यायला लागला. आधी सगळं आकाश माझं होतं, मग अर्धं राहिलं, मग पाव. आता फार तर सहावा हिस्सा असेल. त्याच्यावर मी अजून पाय रोवून उभा आहे.

भाषणाचा शेवट मात्र तुझ्या हातात आहे. तुमच्या दुर्बिणीने आकाशाच्या एका रिकाम्या तुकड्याकडे आठवडेच्या आठवडे टक लावून बघितलंय, इतकं खोल आजवर कुणी पाहिलेलं नाही. सगळे ठिपके पुसल्यावर काय उरतं तेवढं मला कळव. गाशा गुंडाळायची वेळ आली असेल तर आधी सांग, म्हणजे शहाण्या भाडेकरूसारखं वेळेत सामान आवरतो.

तुमच्या गटाच्या प्रमुख, त्या मोठ्या बाईंना नमस्कार सांग. थंडीत कान झाकून हिंड. मला लोभ दाखवायची सवय नाही, पण तो आहे, हे धरून चाल.

तुझा,
काका

---

११ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी वेगळं लिहितेय, ह्यांना ठाऊक नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुला ह्यांनी मजेमजेत लिहिलं असेल. मी खरं सांगते. निवृत्त झाल्यापासून हे घरात असून नसल्यासारखे होते. आंघोळ दुपारी, दाढी मनात आली तर. पेपर उघडायचा आणि त्याच पानावर बसून राहायचं. मी काही विचारलं तर हूं, नाही विचारलं तरी हूं. दोनदा मी रडलेसुद्धा, तेही ह्यांच्या लक्षात आलं नाही. तू इथे नाहीस म्हणून तुला कधी लिहिलं नाही.

ते बोलावणं आलं आणि माणूस उठून बसला. आता रोज दाढी होते. कोट धुवायला दिला. आरशासमोर उभं राहून भाषण म्हणतात आणि मध्येच मला हाक मारून विचारतात की हे वाक्य तुला कळलं का. मला कळत नाही, पण मी कळलं म्हणते. त्याने कुणाचं काय बिघडतं.

तुमचं शास्त्र मला ओ की ठो कळत नाही. एवढं कळतं की ह्यांचं म्हणून काहीतरी थोडंसं उरलंय आणि ते राहतं की जातं हे तुझ्याकडून यायचंय. बारके, तू कॉलेजातून उशिरा यायचीस तेव्हा घरात कितीही जेवणारी माणसं असली तरी तुझ्या वाटचं मी ताटलीखाली झाकून ठेवायची. कुणाला हात लावू द्यायची नाही. तसं थोडंसं ह्यांच्यासाठी ठेव. सगळं पुसून नेऊ नकोस. खोटं कर असं मी म्हणत नाही, ते पाप माझ्याच्याने सांगवणार नाही. पण दोन्हीकडे जाता येत असेल तर ह्यांच्या बाजूने जा.

शाळेच्या पहिल्या दिवसापासून तू आमच्याकडे वाढलीस, म्हणून हक्काने लिहिलं. राग आला तर माझ्यावर काढ. माया कमी करू नकोस.

तुझी,
काकू

---

६ डिसेंबर

ती. सौ. काकूस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून मी ते पर्समध्ये घेऊन हिंडतेय. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय करावं तेच कळत नव्हतं. आता केलंय, म्हणून लिहिते.

तुला समजेल असं सांगते. आमच्या दुर्बिणीच्या आत एक पाटी असते. आकाशातले क्ष-किरण तिच्यावर येऊन पडतात आणि ती ते टिपते. पण अवकाशात भटकणारे दुसरेही कण असतात, तेही येऊन आदळतात, आणि पाटीला पाहुणा कोण आणि आगंतुक कोण हे कळत नाही. म्हणून अधूनमधून दुर्बिणीला झाकण लावतात. झाकण लावूनही जे दिसतं ते आकाशाचं नाही, ते त्या आगंतुकांचं. तेवढं वजा करायचं, म्हणजे खरं आकाश उरतं.

घोळ असा की माझ्याकडे झाकणाची मापं दोन आहेत. एक जुनं, काही वर्षांपूर्वीचं. ते मोठं आहे, स्वच्छ आहे, सगळे तेच वापरतात. पण तेव्हा सूर्य खवळलेला होता. सूर्य खवळला की त्याच्या वाऱ्यामुळे बाहेरचे कण अडतात आणि पाटीवर कमी पोचतात. आम्ही आकाश पाहिलं तेव्हा सूर्य शांत होता, कण मुबलक येत होते. त्याच दिवसांतलं झाकणाचं दुसरं माप आहे, पण ते तुटपुंजं आहे, त्यावर काम करायचं तर नाकी नऊ येतात. जुनं माप घेतलं तर कमी वजा होतं आणि काकांचा सहावा हिस्सा जसाच्या तसा उरतो. नवं घेतलं तर, काकू, जवळजवळ काहीच उरत नाही.

कुठलं माप घ्यायचं ते मोठ्या बाईंनी माझ्यावर सोपवलं होतं. त्या म्हणाल्या, तू काकांच्या हाताखाली शिकलीस, तुला झाकणाबद्दल मी काय सांगणार. मी जुनं माप घेतलं. सगळे वापरतात तेच वापरलं, म्हणजे खोटं काही केलं नाही, असं मी स्वतःला दिवसभर सांगते. आमच्या खोलीत तीन टेबलं आहेत आणि खिडकीतून फक्त गाड्या लावायची जागा दिसते. बाकीचे दोघं चहाला गेले की मी नवीन मापाचा कागद ड्रॉवरमधून काढते, बघते आणि परत ठेवते.

काकांना यातलं काही कळू देऊ नकोस. तुझी माया होती म्हणून मी इथवर आले. ती आता थोडी जास्त लागेल असं वाटतंय.

तुझी,
बारकी

---

२० डिसेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

आकडा आला. सगळे ठिपके पुसून झाल्यावर झळाळीतला सहावा हिस्सा उरतो, अगदी तुम्ही म्हणत होता तेवढाच. सोबत आलेख पाठवते. सामान आवरायची गरज नाही, भाडेकरूने खुशाल राहावं.

मार्चच्या परिषदेत तुमच्या आधी आमचा निबंध मोठ्या बाई वाचतील, मग तुम्ही. भाषणाची सुरुवात मला आवडली. फक्त ‘मी म्हटलं’ हे जरा कमी वेळा म्हणा, काकूला विचारा ती काय म्हणते.

कामाची गर्दी आहे म्हणून थोडक्यात लिहिते. कानटोपी घालते. आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
बारकी

---

२ जानेवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट जिन्यातच फोडलं. अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला सांगू. दाताच्या डॉक्टरला मध्येच गाठून आलेख दाखवला. त्याने तो उलटा धरला होता, तरी मान डोलावली. काकूला सांगितलं तेव्हा तिने नुसतं बरं झालं म्हटलं आणि ताटं घ्यायला उठली. माझ्या आनंदात तिला काही रस दिसत नाही. असो.

भाषणाचा शेवट त्या दिवशीच लिहून काढला. चांगला उतरला. त्यानंतर रोज सकाळी तुझा आलेख टेबलावर उघडून बसतो, आणि आता एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तुझा आलेख उजवीकडे मध्येच थांबतो. पुढे कागद कोरा आहे. तुला मी आलेख काढायला शिकवला तो कागदावर पट्टी ठेवून, आठवतं ना. अर्धवट रेघ दिसली की मी पुसायला लावायचो आणि तू तोंड फुगवून बसायचीस. तेव्हापासून तुझा एकही आलेख मी टोकाच्या अलीकडे संपलेला पाहिला नाही. मग हाच का थांबला?

कदाचित छपाईत कापला गेला असेल. पुढचा भाग तेवढा पाठव. बाकी सगळं उत्तम आहे. जे आहे ते असंच राहू दे, लोभासकट.

तुझा,
काका

---

१३ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

छपाईत कापला गेलेला नाही. उजव्या टोकाचे क्ष-किरण इतके जोरकस असतात की आमच्या दुर्बिणीच्या आरशांना ते वळवताच येत नाहीत. तिथे आकाशातलं काही पोचत नाही, म्हणून तो भाग ठेवून उपयोग नव्हता, मीच काढून टाकला. बरेच जण काढतात.

सध्या संगणकाच्या खोलीतला पंखा बिघडलाय, त्यामुळे आम्ही सगळे पाळीपाळीने काम करतोय. मोकळी झाले की सविस्तर लिहीन. तुम्ही भाषणाचं बघा, यात डोकं घालू नका. आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
बारकी

---

२२ जानेवारी

बारके,

आकाशातलं काही पोचत नाही, म्हणूनच तर तो भाग पाहिजे. तिथे जे काही दिसतं ते फक्त दुर्बिणीचं स्वतःचं. झाकणाचं माप बरोबर असेल तर ते वजा केल्यावर तिथे शून्य यायला हवं. शून्याच्या वर काही उरलं तर समज की वजा कमी झालंय, आणि मग अलीकडे उरलेला सहावा हिस्साही आकाशाचा नाही. हे मी तुला सांगायला नको, कारण हे मीच तुला शिकवलं, आणि एकदा शिकलेलं तू विसरत नाहीस.

तुझ्या पत्रात पंखा आहे, पाळ्या आहेत, झाकण हा शब्द कुठेच नाही. कुठल्या वर्षीचं झाकण वापरलंस? तेव्हा सूर्य कसा होता?

मला म्हणून उत्तर देऊ नकोस. मी कुणी परका तपासनीस आहे असं समज आणि आलेख शेवटपर्यंत काढून पाठव. काय येईल याचा अंदाज मला आहे. म्हणून माझं मन शांत आहे असं नाही. गेले कित्येक दिवस मी भाषणाला हात लावलेला नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

काका

---

३० जानेवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

सगळं फिसकटलं आणि ते माझ्यामुळे. तुझं ते दुसरं पत्र वाचल्यावर हे माझ्या खनपटीला बसले की तू पोरीला काही लिहिलं होतंस का. मी आधी उडवून लावलं. मग ह्यांनी परत विचारलं, आवाज न चढवता. तसं विचारलं की माझ्याने खोटं बोलवत नाही. सांगून टाकलं.

वाटलं होतं की आता तिळपापड होईल, भांडी आपटतील. तसं काहीच झालं नाही. पुढ्यातलं ताट बाजूला केलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. त्या दिवसापासून माझ्याशी अक्षर बोललेले नाहीत. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात. दाढी करतात, एवढंच. ह्यापेक्षा ते आधीचं हूं हूं बरं होतं.

मला वाटलं होतं मी ह्यांना जपतेय. आता वाटतं की मी ह्यांना लहान पोरासारखं वागवलं आणि ते त्यांना कळलं. तू माझ्या शब्दाखातर केलंस, तुझा दोष नाही, असं मी ह्यांना बंद दाराबाहेर उभं राहून सांगितलं.

हे म्हणतात तसं कर आता. जे होईल ते होईल. पत्र लवकर पाठव. तू तरी माझ्याशी बोल.

तुझी,
काकू

---

१५ फेब्रुवारी

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

आलेख शेवटपर्यंत काढला. सोबत आहे. आधीचाही पूर्ण करून जोडलाय, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.

जुनं झाकण सूर्य खवळलेला असतानाचं होतं. ते वापरलं तेव्हा उजव्या टोकाला शून्य येत नाही, रेघ सरळ वर राहते. ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दिसलं म्हणून मी कागद तिथे कापला. नवं झाकण वापरलं तर टोकाला शून्य येतं, आणि अलीकडचा सहावा हिस्सा जातो. जे किंचित राहतं ते आमच्या मोजण्यात जेवढी चूक होऊ शकते त्या मर्यादेपेक्षा कमी आहे. ते आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. काका, मला हे वाक्य लिहिणं फार जड गेलं. तीन कागद फाडले.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या की आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. निबंध परिषदेतून काढून घेतलाय. नव्याने तपासून मग पाठवायचा. माझ्या नोकरीची मुदत वाढवायची की नाही हे त्या उन्हाळ्यात ठरवणार आहेत. खोलीतले दोघं माझ्याशी नेहमीसारखं बोलायचा प्रयत्न करतात, ते जास्त लागतं.

काकूवर राग धरू नका. तिने फक्त मागितलं, द्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं. तिला झाकण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, मला होतं. मला वाटलं, तुमची एवढी वर्षं गेली, एक सहावा हिस्सा तुमच्याकडे राहिला तर कुणाचं काय जातं. तुम्ही आयुष्यभर ज्या आकाशाला प्रश्न विचारलात त्याच्या नावाने मी तुम्हाला उत्तर लिहून दिलं. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते. तुमच्याशिवाय मला या विषयात कुणी नाही, आणि घरातही तुम्ही दोघंच आहात. तुम्ही लोभाचं पुढच्या पत्रात बघू म्हणालात. मी वाट बघतेय.

आणखी एक पाकिटात ठेवलंय. त्या तुकड्याचा फोटो, ठिपके न पुसलेला. मागितला नव्हता, पण तो तुमच्याकडे असावा असं वाटलं.

आपली,
बारकी

---

२८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दोन्ही आलेख पाहिले. नवा बरोबर आहे. माझं म्हणणं चुकलं होतं. हे वाक्य आधी लिहून टाकतो, नाहीतर सगळं पत्र मी त्याच्या भोवती फिरत राहीन.

वाईट वाटलं. फार वाटलं. काकांनी मोठ्या मनाने घेतलं वगैरे कुणाला सांगू नकोस, तसं काही झालेलं नाही. पहिले काही दिवस मी पाकीट कपाटावर टाकून ठेवलं होतं आणि सकाळ झाली की कशासाठी उठायचं हेच कळत नव्हतं. अजूनही पूर्ण कळलेलं नाही. जे किंचित राहिलंय म्हणतेस त्याच्याकडे माझी नजर सारखी जाते. पण चुकीच्या मर्यादेच्या आतलं काही मी माझं म्हणणार नाही, कानाला खडा लावला.

तुझा राग आला तो आकडा गेल्याचा नव्हे. मार्चमध्ये मी त्या व्यासपीठावर उभा राहणार होतो, आणि तुझी आणि तुझ्या काकूची माया आकाशाचा पुरावा म्हणून लोकांना दाखवणार होतो. लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. मी आयुष्यात चुकलो असेन, खोटा कधी ठरलो नव्हतो. तेवढं एक तुम्ही दोघी माझ्याकडून काढून घ्यायला निघाला होतात. हे तू विसरू नयेस म्हणून लिहिलं. परत लिहिणार नाही.

फोटो पाठवलास ते चांगलं केलंस. सुरुवातीला बघवेना. मग भिंग घेऊन बसलो. तुमचा हा तुकडा, आमचा दुसरा अग्निबाण जिकडे तोंड करून होता, त्याच भागातला आहे. आमच्या यंत्राला तिथे नुसती झळाळी दिसली होती, आणि मी म्हटलं होतं की इथे कुणी नाही, वायू आहे. आता बघतो तर पोळ्यात माश्या असाव्यात तशी गर्दी. एकेक ठिपका म्हणजे एकेका दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर, भोवतीचं गिळताना तापून उजळलेलं. ही सगळी मंडळी तेव्हाही तिथेच होती. मला नावानिशी यादी हवीय. कोण किती लांब, कोण धुळीआड आहे, सगळं लिही. माझ्या धुक्यात कोण कोण होतं ते मला कळू दे.

परिषदेला मी जाणार आहे. विषय बदललेला नाही, ‘काय उरलं आहे’ हाच. तुझा नवा आलेख शेवटपर्यंत दाखवीन आणि मी कुठे चुकलो ते सांगेन. मोठ्या बाईंची परवानगी मागणारं पत्र वेगळं टाकलंय, तुझ्याविषयीही त्यात दोन शब्द लिहिलेत, ते त्या तुला दाखवतील किंवा नाही दाखवणार. पडद्यावरच्या पारदर्शिका बदलायला मला कुणीतरी लागेल, आणि परक्या माणसाला कधी बदलायची ते कळत नाही. तू ये. पुढच्या रांगेत बस.

लोभाचं विचारलं होतंस. तो कुठे गेला नव्हता, मी त्याच्यावर झाकण ठेवलं होतं.

तुझा,
काका

ता. क. — बारके, मी काकू. पाकीट बंद करायच्या आधी मला दोन ओळी लिहू दिल्यात. इतके दिवस हे माझ्याशी बोलले नव्हते हे तुला ठाऊक आहेच. आज सकाळी स्वयंपाकघरात असताना आतून हाक आली. गेले तर फोटो टेबलावर पसरलेला. मला खुर्चीवर बसवलं आणि एका ठिपक्यावर पेन्सिलीचं टोक ठेवून तो किती लांब आहे ते सांगायला लागले. मग विचारलं, दिसतो का. बारके, नेहमीच्या सवयीने हो म्हणणार होते. पण नाही म्हटलं. म्हटलं, मला काही दिसत नाही. हे उठले आणि बाहेर जाऊन माझा चष्मा घेऊन आले.